आमच्या गच्चीवरून नवा लघुग्रह सापडेल का?

प्रश्न (सांगलीहून): माझी मुलगी नववीत आहे. शाळेतर्फे तिच्या गटाने महिनाभर लघुग्रह शोधमोहिमेत काम केलं आणि त्यांना ‘प्राथमिक शोधा’चं प्रमाणपत्र मिळालं. पेपरात ‘विद्यार्थिनींनी शोधला नवा लघुग्रह’ अशी बातमी आली. आता तिला त्याला आजीचं नाव द्यायचं आहे. हा शोध खरा मानायचा का? नाव कधी देता येईल? आमच्याकडे आठ इंची दुर्बीण आहे, तिच्यातून ती स्वतःचा लघुग्रह शोधू शकेल का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे, म्हणून ते आधी देऊन टाकतो. आठ इंची दुर्बिणीतून, सांगलीच्या गच्चीवरून, आजच्या घडीला नवा लघुग्रह सापडण्याची शक्यता जवळजवळ नाही. मुलीची हौस मोडायची नाही, पण गेली सत्तावीस वर्षं मी हेच करत आलोय, तेव्हा खोटी आशाही लावणार नाही.

हिशेब साधा आहे. आठ इंची आरशातून, अंधाऱ्या गावात, डोळ्याला साधारण १४व्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात शंभर पट. मागे कॅमेरा लावला आणि मोटर नीट माग ठेवत असेल तर १८-१९पर्यंत मजल जाते. मंगळ आणि गुरूच्या मधल्या मुख्य पट्ट्यातले जे लघुग्रह अजून सापडायचे राहिलेत, ते बहुतेक २१व्या प्रतीच्या पलीकडे आहेत. डोळ्याच्या मर्यादेपेक्षा सहाशे पटींहून मंद. त्यांच्यामागे आता मोठी यंत्रं लागली आहेत. हवाईत हालेआकाला पर्वतावर पॅन-स्टार्सची १.८ मीटरची दुर्बीण आहे, ॲरिझोनात कॅटालिना सर्वेक्षण आहे. चिलीतल्या रुबिन वेधशाळेने तर जून २०२५मध्ये पहिली चित्रं दाखवली तेव्हाच, जेमतेम दहा तासांच्या निरीक्षणांतून २१०४ नवे लघुग्रह पुढे ठेवले. ऊसतोडणी यंत्र फडात शिरल्यावर आपण कोयता घेऊन बांधावर उभं राहावं, तसं आहे हे.

कोयत्याचे दिवस फार जुने मात्र नाहीत. जपानमध्ये ताकाओ कोबायाशी या हौशी निरीक्षकाने मुख्यतः १९९०च्या दशकात २५ सेंटिमीटरच्या, म्हणजे तुमच्याहून दोनच इंच मोठ्या दुर्बिणीला कॅमेरा लावून दोन हजारांवर लघुग्रह शोधले. १९९८पासून अमेरिकेतलं लिनिअर सर्वेक्षण जोरात सुरू झालं आणि उजळ माल भराभर संपला. आजही काही हौशी मंडळी शोध लावतात. दूरच्या अंधाऱ्या जागेतली दुर्बीण इंटरनेटवरून चालवायची, शेकडो फोटो घ्यायचे आणि लघुग्रह अमुक वेगाने अमुक दिशेला सरकत असेल असं धरून ते फोटो त्या गतीने सरकवत एकमेकांवर रचायचे. अंदाज बरोबर निघाला तर कुठल्याच एका फोटोत न दिसणारा ठिपका वर येतो. याला चांगला संगणक, पैसा आणि चिवटपणा लागतो. नववीतल्या मुलीने सुरुवात इथून करू नये.

तिने सुरुवात करावी ती लुटेशियापासून. २१ क्रमांकाचा हा लघुग्रह माझ्या विशेष आवडीचा आहे, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही त्याच्या शोधकापाशीच सापडतं.

हर्मान गोल्डश्मिट हा जर्मनीत जन्मलेला, पॅरिसमध्ये राहणारा चित्रकार. चाळिशी उलटल्यावर त्याला आकाशाचं वेड लागलं. राहायचा एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. खाली कॅफे प्रोकोप, जे आजही चालू आहे. दुर्बीण लहानशी, भिंग दोन इंचांच्या जेमतेम वर. आज आपण पक्षी बघायला तेवढी घेतो. १५ नोव्हेंबर १८५२ला त्याने त्या घरातून लुटेशिया शोधला. नाव दिलं पॅरिस वेधशाळेच्या फ्रान्स्वा आरागो यांनी. लुटेशिया म्हणजे रोमन काळातलं पॅरिस. पुढच्या नऊ वर्षांत या चित्रकाराने आणखी तेरा लघुग्रह शोधले.

दोन इंची भिंगातून लुटेशिया दिसू शकतो यात नवल नाही, चांगल्या प्रतियुतीला, म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला येतो तेव्हा, तो साडेनवाव्या प्रतीच्या आसपास असतो. त्या रात्री पॅरिसमध्ये त्याहून मोठ्या दुर्बिणी होत्याच. पण दुर्बिणीतून लघुग्रह ताऱ्यासारखाच दिसतो. ठिपका, बस. तिथे काल काय होतं हे ज्याला ठाऊक, त्यालाच आज काही वेगळं आहे हे कळतं. गोल्डश्मिटकडे चित्रकाराची नजर होती आणि ताऱ्यांचे नकाशे होते. नकाशात नसलेला तारा दिसला की तो थबकायचा.

त्याच्याही आधीचं उदाहरण आहे कार्ल लुडविग हेंकेचं. टपाल खात्यातला माणूस, गाव ड्रीझेन, आता पोलंडमध्ये. १८०१ ते १८०७मध्ये सेरेस, पॅलस, जुनो आणि व्हेस्टा हे चार सापडले होते, मग अडतीस वर्षं एकही नाही. बहुतेकांनी नाद सोडला होता. हेंकेने १८३०च्या सुमारास स्वतःचे तारानकाशे करून शोध सुरू केला आणि पंधरा वर्षांनी, ८ डिसेंबर १८४५ला, व्हेस्टा बघायला गेला असताना त्याला भलताच ठिपका दिसला. तो ॲस्ट्रिया, पाचवा. दीड वर्षाने त्यालाच सहावा, हीबी, सापडला.

पण तुमच्या प्रश्नाला सर्वांत लागू पडते ती गोल्डश्मिटची एक फजिती. मे १८५६मध्ये त्याने डाफ्नी शोधला. त्याचे वेध, म्हणजे आकाशातल्या जागेच्या नोंदी, थोड्याच रात्री मिळाले. तेवढ्यावरून कक्षा नीट बसली नाही आणि डाफ्नी हरवला. सप्टेंबर १८५७मध्ये गोल्डश्मिटला आकाशात एक ठिपका सरकताना दिसला. त्याला वाटलं, सापडला आपला डाफ्नी! सगळ्यांनी तसंच धरलं. मग शूबर्ट नावाच्या गणितज्ञाने त्या नव्या वेधांवरून कक्षा काढली, तर ती डाफ्नीशी जुळेचना. म्हणजे हा वेगळाच लघुग्रह. त्याचं नाव मेलेटी. खरा डाफ्नी १८६२मध्ये परत हाती लागला आणि मेलेटी पुन्हा दिसायला १८७१ उजाडलं. आता सांगा, सप्टेंबर १८५७च्या त्या रात्री गोल्डश्मिटने काय शोधलं? त्याच्या मते काहीच नवं नव्हतं. शोध झाला तो कागदावर, आकडेमोडीत, आणि तोही दुसऱ्याच माणसाच्या टेबलावर.

तुमच्या मुलीच्या प्रमाणपत्राकडे मी याच नजरेने बघतो. मोहिमेचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण वर्णनावरून ती टेक्सासच्या हार्डिन-सिमन्स विद्यापीठातून चालणारी इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन असावी. आपल्याकडच्या बऱ्याच शाळा तिच्यात असतात. तसं असेल तर मुलींनी केलं ते असं: पॅन-स्टार्सने आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या अंतराने घेतलेले चार फोटो त्यांना मिळाले. ॲस्ट्रोमेट्रिका नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते एकामागून एक फिरवत बघायचे. तारे जागेवर, आणि एखादा ठिपका टुणटुण पुढे सरकतोय. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या सुमारास तासाला तीस-चाळीस विकला सरकतो (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढं अंतर कापायला त्याला दोन दिवस लागतात. तासाभराच्या फोटोंत ही चाल पकडायची म्हणजे डोळा तयार लागतो. कॅमेऱ्याचा एखादा बिघडलेला बिंदू, वैश्विक किरणाचा ओरखडा, उजळ ताऱ्याची झळ, सगळे फसवतात. चारही फोटोंत सारख्या चालीने, सरळ रेषेत, साधारण सारख्याच उजेडाचा ठिपका असेल तरच तो उचलायचा, त्याची जागा मोजायची आणि अहवाल पाठवायचा.

दुसऱ्याने काढलेल्या फोटोंत शोधलं तर तो शोध कसला, असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. ऑगस्ट २०२०मध्ये आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या फोटोंतून २०२० क्यूजी हा चिमुकला लघुग्रह हेरला. तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून अवघ्या २९५० किलोमीटरवरून नुकताच गेला होता. फोटो कुणाचे होते हे तिथे कुणी काढलं नाही.

मात्र ‘प्राथमिक’ हा शब्द पेपरवाल्यांनी गाळला, आणि सगळी मेख तिथेच आहे. प्राथमिक म्हणजे: या जागी ज्ञात लघुग्रह नोंदलेला दिसत नाही, पुढे बघू. हे वेध अमेरिकेतल्या केंब्रिजच्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातात. जगभरातल्या लघुग्रहांचं ते तलाठी कार्यालय समजा. चौदा लाखांहून जास्त सातबारे सांभाळतं. तिथे पहिली अट दुसऱ्या रात्रीची. एका रात्रीच्या तुकड्यावरून कक्षा निघत नाही. दुसऱ्या रात्रीचे वेध जुळले तर तात्पुरता क्रमांक मिळतो. कित्येकदा असं होतं की तो ठिपका काही वर्षांपूर्वी दिसून हरवलेला जुनाच निघतो, किंवा दुसऱ्या रात्री तिथे काहीच नसतं.

यात माझंही नाक कापलं गेलंय. एका फेब्रुवारीत सिंह राशीत मला सरकता ठिपका मिळाला. चार फोटो, सरळ रेषा, सगळं चोख. मी रात्री दोनला मित्रांना फोन केले, सकाळी पेढे आणले. संध्याकाळी आमच्यातल्या एका शांत माणसाने विचारलं, “सेंटरच्या यादीशी ताडून पाहिलंस ना?” पाहिलं नव्हतं. दोन मिनिटांचं काम. तो आमच्या कित्येक वर्षं आधी क्रमांक मिळालेला लघुग्रह निघाला. माझ्या संगणकातली यादी जुनी होती. पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले. मोठमोठ्यांनाही असं होतं. नोव्हेंबर २००७मध्ये पृथ्वीजवळून जाणारा एक लघुग्रह रीतसर नोंदला गेला, २००७ व्हीएन८४ असा क्रमांकही पडला, आणि मग कळलं की ते युरोपचं रोझेटा यान आहे, वेग घ्यायला पृथ्वीला वळसा घालून निघालेलं. हेच रोझेटा पुढे १० जुलै २०१०ला लुटेशियाच्या शेजारून ३१६२ किलोमीटरवरून गेलं.

तात्पुरता क्रमांक वाचायला मुलीला शिकवा, तिला मजा येईल. पंडित जसराजांच्या नावाचा लघुग्रह आहे ना, ३००१२८ क्रमांकाचा, त्याचा तात्पुरता क्रमांक २००६ व्हीपी३२. पहिलं वर्ष. मग ‘व्ही’: इंग्रजी मुळाक्षरांतलं ‘आय’ वगळून वर्षाचे चोवीस पंधरवडे ए ते वाय असे मोजतात, त्यात व्ही म्हणजे १ ते १५ नोव्हेंबर. दुसरं अक्षर त्या पंधरवड्यातला अनुक्रम सांगतं; पुन्हा ‘आय’ सोडून पी पंधरावं. अशी पंचवीस अक्षरं संपली की फेरी पुन्हा सुरू होते आणि शेवटचा आकडा झालेल्या फेऱ्यांचा. बत्तीस गुणिले पंचवीस, अधिक पंधरा. म्हणजे नोव्हेंबर २००६च्या पहिल्या पंधरवड्यात नोंदलेला हा ८१५वा. पंधरा दिवसांत आठशेच्या वर! गोल्डश्मिटला चौदा लघुग्रहांसाठी नऊ वर्षं लागली होती.

आता नावाचं. तात्पुरत्या क्रमांकाला नाव मिळत नाही. आधी कायमचा क्रमांक हवा आणि त्यासाठी कक्षा पक्की व्हायला हवी, म्हणजे साधारण चार प्रतियुतींना तो दिसायला हवा. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह पंधरा-सोळा महिन्यांनी एकदा प्रतियुतीला येतो, एखादी हुकते, म्हणून सहा ते दहा वर्षं धरून चाला. तुमची मुलगी तोवर पदवीधर होईल. जसराजांचा लघुग्रह २००६ला सापडला, नाव जाहीर झालं २०१९ला.

क्रमांक पडला की नाव सुचवायचा पहिला हक्क शोधकाचा, दहा वर्षांसाठी. शोधक कोण, याचा २०१०पासूनचा नियम असा की ज्या प्रतियुतीत दुसऱ्या रात्रीचे वेध सर्वांत आधी कळवले गेले, त्या प्रतियुतीतला सर्वांत आधी कळवलेला वेध ज्याचा, तो शोधक. इथेही दुसरी रात्र आलीच! शाळांच्या मोहिमेत अधिकृत नोंदीतल्या शोधकाच्या रकान्यात बहुधा सर्वेक्षणाचंच नाव पडतं. मुलींच्या गटाला नाव सुचवायची संधी मोहिमेमार्फत मिळते. बातमी लावणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, आणि मग दहा वर्षांनी मुलं विचारतात, आमचा लघुग्रह कुठे गेला?

आजीचं नाव नियमात बसू शकतं. रोमन लिपीत, मोकळ्या जागा धरून, सोळा अक्षरांच्या आत हवं, शक्यतो एक शब्द, उच्चारता येईल असं, आधीच्या एखाद्या नावाशी फार सारखं नको. राजकारणी आणि लष्करी व्यक्तींसाठी मृत्यूनंतर शंभर वर्षं थांबावं लागतं. मांजर-कुत्र्यांची नावं नकोत असं सांगतात. व्यापारी नावं चालत नाहीत. सोबत दोन ओळींत हे नाव का, ते लिहायचं. शेवटचा शब्द आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या समितीचा, आणि तिथे एक पैसा पडत नाही. पैसे घेऊन ‘तारा तुमच्या नावे’ करणाऱ्या संकेतस्थळांचा या यादीशी काही संबंध नाही. आजीच्या वाढदिवसाला असलं काही घेऊ नका.

आता आठ इंची दुर्बीण. नवा सापडणार नाही म्हटलं, पण जुन्यांचं काम पुष्कळ पडून आहे आणि ते सर्वेक्षणांना करायला सवड नाही. लघुग्रह फिरताना त्याचा उजेड कमीजास्त होतो, कारण बहुतेक बटाट्यासारखे वेडेवाकडे असतात. त्या चढउताराचा रात्रभर आलेख काढला की भ्रमणकाळ निघतो, आणि वर्षानुवर्षं वेगवेगळ्या बाजूंनी असे आलेख जमले की आकारही. लुटेशिया सव्वाआठ तासांच्या आत एक गिरकी घेतो. सांगलीच्या डिसेंबरातल्या एका रात्रीत पूर्ण फेरी पदरात पडते. रोझेटा तिथे पोहोचण्याआधी त्याच्या आकाराचा जो अंदाज बांधला होता, त्यात अशा आलेखांचा मोठा वाटा होता. यानाने पाहिलं तर सुमारे १२१ बाय १०१ बाय ७५ किलोमीटरचा, विवरांनी भरलेला दगड, घनता घनसेंटिमीटरला ३.४ ग्रॅम, म्हणजे लघुग्रहांत चांगलाच भरीव. त्याच्यावरच्या एका प्रदेशाला गोल्डश्मिटचं नाव आहे.

दुसरं काम पिधानाचं, आणि त्यात आपण एकटे नको, गाववाले हवेत. लघुग्रह एखाद्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा तारा काही सेकंद विझतो. त्याची सावली पृथ्वीवरून लघुग्रहाच्याच रुंदीच्या पट्ट्यातून धावते. सांगली, कोल्हापूर, कराड अशा जागी तिघांनी तारा किती सेकंद गेला ते अचूक वेळेसह टिपलं, तर दगडाचे तीन छेद मिळतात. कॅमेऱ्याला जीपीएसची वेळ लागते, बाकी तुमची दुर्बीण पुरे.

मोजमाप पाठवायची असतील तर वेधशाळेचा संकेतांक घ्यावा लागतो. गच्चीलाही मिळतो! क्रमांक पडलेले काही लघुग्रह किमान दोन रात्री मोजून, गच्चीचे अक्षांश, रेखांश आणि उंची देऊन सेंटरकडे पाठवायचे. मोजमाप चोख असेल तर तीन चिन्हांचा संकेतांक येतो. हे मी मुलीला दहावीच्या सुट्टीत करायला सांगेन. पावसाळ्याचा विचार मात्र आधी करा. ज्याची प्रतियुती जुलैत येते तो आपल्यासाठी मेलाच, त्याला पुढच्या फेरीत नोव्हेंबरात गाठायचं.

पण हे सगळं नंतर. आधी लुटेशिया, आणि तोही कॅमेऱ्याविना. मोबाइल किंवा संगणकावर स्टेलॅरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो कुठल्या नक्षत्रात आहे ते बघा, अकराव्या प्रतीहून उजळ असेल असा महिना निवडा, अमावास्येच्या आसपास शहराच्या दिव्यांपासून थोडं लांब जा. कमी वर्धनाची नेत्रिका लावून दुर्बीण त्या जागी न्या आणि मुलीला सांगा, दिसतील तेवढे सगळे तारे कागदावर काढ. यातला लुटेशिया कुठला हे तिला सांगू नका, तुम्हीही बघू नका. पंचवीस-तीस ठिपके होतील, हात गारठेल, ती कंटाळेल. कागदावर तारीख-वेळ घाला आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळी तीच जागा पुन्हा काढायला लावा, पहिला कागद न दाखवता. मग दोन्ही कागद खिडकीच्या काचेला एकावर एक लावायचे. चांगला पंधरा कलांच्या आसपास, चंद्राच्या अर्ध्या रुंदीएवढा एक ठिपका सरकलेला असेल. ढग आले तर तिसऱ्या रात्री.